किनाऱ्यावरचं कासव समुद्रात ढकलू नका

निगडी, भोसरी किंवा चाकणहून शनिवारी भल्या पहाटे निघालेली गाडी ताम्हिणी घाट उतरून न्याहारीच्या वेळेला दिवेआगर, हरिहरेश्वर गाठते. सामान खोलीत टाकलं की मंडळी थेट पुळणीवर जातात. त्यामुळे लाटेने आणून टाकलेलं कासव गावातल्या माणसांच्या आधी मोशीच्या किंवा वाकडच्या एखाद्या कुटुंबाच्या नजरेस पडावं, यात नवल नाही. पुढचं सगळं जवळपास ठरलेलं असतं. दोघंतिघं मिळून कासव उचलतात, गुडघाभर पाण्यात नेऊन सोडतात, टाळ्या पडतात, व्हिडिओ निघतो. बऱ्याचदा तेच कासव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोड्या अंतरावर पुन्हा वाळूत येतं, आणि तेव्हा ते मेलेलं असतं.

त्या माणसांच्या हेतूत काही खोट नसते, अंदाज मात्र चुकतो. समुद्री कासव ‘वाट चुकून’ किनाऱ्यावर येत नाही. ते हवेत श्वास घेणारा प्राणी आहे. दर थोड्या वेळाने डोकं पाण्याबाहेर काढायला त्याला ताकद लागते, आणि ती संपली की ते बुडतं. मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा कल्ल्यात, म्हणजे वल्ह्यासारख्या पायात, रुतून बसलेला असतो, बोटीच्या पंख्याने पाठ फुटलेली असते, पोटात प्लॅस्टिक किंवा गळ असतो, फुप्फुसांत संसर्ग झालेला असतो. अशा कासवाला जमीन लागते ती दम खायला, आणि आपण त्याला तिथूनच हुसकावतो. महामार्गावर अपघातात सापडलेल्या माणसाला उठवून पुन्हा गाडीवर बसवण्यातलाच हा प्रकार आहे.

अपवाद एकच, आणि तो नीट ओळखता आला पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च हा कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा मुख्य हंगाम. मादी बहुतेक वेळा रात्री येते, सुरूच्या बनाच्या दिशेने सरपटत जाते, खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि आली तशी परत जाते. तिच्या मागे वाळूत दोन्ही कल्ल्यांचा ठसठशीत माग उमटलेला असतो. ती आजारी नाही. तिच्या वाटेतून बाजूला व्हा, विजेरी आणि फ्लॅश बंद ठेवा, आणि ती पाण्यात शिरेपर्यंत दूर बसून राहा. याउलट दिवसाढवळ्या भरतीच्या रेषेवर निपचित पडलेलं, मागे कुठलाही माग नसलेलं, डोळे खोल गेलेलं, पाठीवर शेवाळ आणि शिंपले दाट माजलेलं, पोटाकडची बाजू आत गेलेली असं कासव असेल, तर ते आजारी आहे असंच धरून चाला. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, समुद्र खवळलेला असताना अशी कासवं जास्त लागतात, विशेषतः पालघर-मुंबईच्या बाजूला.

आता करायचं काय? आधी ते जिवंत आहे का ते पाहा, आणि उत्तराची घाई करू नका. अर्धमेलं कासव बराच वेळ श्वासच घेत नाही. डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला बोटाने हलकेच स्पर्श करा. पापणी किंवा शेपटी किंचित जरी हलली तरी जीव आहे. काहीच हललं नाही तरी ते मेलंय असा निकाल देऊ नका. जाळ्यात गुदमरलेलं कासव पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच केली, म्हणजे फुप्फुसांतलं पाणी बाहेर येतं. अशी कासवं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही हालचाल करू लागलेली आहेत. पाठीवर उलटं ठेवायचं नाही. आतल्या अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो.

भरतीचं पाणी त्याच्यापर्यंत येणार असेल तरच हलवा. मोठं ऑलिव्ह रिडले पस्तीस ते पंचेचाळीस किलोचं असतं, तेव्हा दोन माणसं हवीत. मानेमागची कवचाची कड एकाने, शेपटीकडची दुसऱ्याने धरायची. कल्ले धरून ओढलं की सांधे निखळतात. तोंडासमोर हात न्यायचा नाही, चावा जबर असतो. सावलीत नेऊन ओली चादर पाठीवर घाला, डोळे आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवा. बादलीने पाणी ओतत बसलात आणि ते नाकात गेलं तर आणखी घोटाळा होतो. थंडीवाऱ्याच्या पावसाळी दिवशी ओल्या चादरीचीही गरज नाही, उलट वाऱ्यापासून आडोसा करा. खायला काही देऊ नका. बिस्किटं, मासे, ग्लुकोजचं पाणी, सगळं सारखंच निषिद्ध. पाठीवरचे शिंपले चाकूने खरवडणं, जखमेवर हळद भरणं हेही नको.

जाळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोकांचा हात तिथेच पटकन जातो. जाळं सैल असेल आणि मान किंवा कल्ला आवळत असेल तर कात्रीने सोडवा. पण दोर मांसात रुतला असेल तर तो उपसू नका. रक्तस्राव सुरू झाला तर वाळूवर तुम्हाला तो थांबवता येणार नाही. बाहेर लोंबणारा भाग हातभर ठेवून कापा आणि बाकीचं डॉक्टरांवर सोडा. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा बाहेर आलेला दिसला तर त्याला अजिबात ओढ देऊ नका. त्या दोऱ्याचं दुसरं टोक आतड्यात गुंतलेलं असतं आणि ओढल्यावर आतडं चुण्या पडून कापलं जातं.

हे करत असतानाच दुसऱ्याने फोन लावायचा. महाराष्ट्र वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही मदतवाहिनी 1926 या क्रमांकावर आहे. तो लागला नाही तर 112. पण कोकणातल्या कित्येक पुळणींवर रेंजच नसते, तेव्हा सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे गावातला कासवमित्र (कासवांची घरटी राखणारा गावकरी) किंवा तुमच्या होमस्टेचा मालक. वनरक्षकाचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये असतो. फोनवर ‘इथे एक कासव आहे’ एवढंच सांगून भागत नाही. गावाचं आणि किनाऱ्याचं नाव, जवळची खूण, भरती चढतेय की ओसरतेय, कासव हलतंय का, जखम कुठे आहे आणि गर्दी किती आहे हे सांगा. शेजारी चप्पल ठेवून वरून आणि बाजूने फोटो काढा म्हणजे आकार कळतो. डोक्याचा फोटो वेगळा काढा, त्यावरून जात ओळखता येते.

पुढच्या कल्ल्यांवर धातूची पट्टी आहे का तेही पाहा. ओडिशात 2021 मध्ये 03233 क्रमांकाची पट्टी लावलेली मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं एकमेकांकडे जातात की नाही या वादात त्या एका आकड्याने मोलाची भर घातली. उलट दिशेचा पुरावा आधीच मिळाला होता: 2023 च्या फेब्रुवारीत गुहागरला उपग्रह टॅग लावलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. म्हणून मेलेलं कासव दिसलं तरी कळवा. वन विभागाच्या लेखी तीही नोंदच असते, आणि एकाच पट्ट्यात आठवड्याभरात चार-पाच मेलेली कासवं लागली तर समुद्रात काहीतरी चाललंय हे त्यावरूनच समजतं.

मदत पोचायला दोन तास लागतील, कधी चार. या वेळात आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाचा खरा उपयोग आहे. कारखान्यात सेफ्टीचं प्रशिक्षण घेतलेला माणूस अपघात झाला की आधी जागा मोकळी करतो, दोरी बांधतो, एकाला फोनवर बसवतो, एकाला गेटवर उभं करतो आणि बाकीच्यांना मागे सारतो. किनाऱ्यावर अगदी हेच हवं असतं. कासवाभोवती वीस-पंचवीस पावलांवर चार काठ्या रोवून दोरी बांधा. कुत्री हाकलायला एकजण ठेवा. मुलांना पाठीवर बसवून फोटो काढू पाहणाऱ्या काकांना ठामपणे नाही म्हणा. तुमच्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात असेल तर तेही उपयोगी पडतं, लोक का कोण जाणे त्याचा मान राखतात. गर्दी, आवाज आणि हाताळणी यांनी बसणारा धसकाच अनेकदा दुखापतीइतका घात करतो. आणि ठिकाणाचा लाइव्ह व्हिडिओ टाकू नका. कासव गाडीत चढेपर्यंत गाव लोटतं.

डॉल्फिन आणि देवमासे यांची गोष्ट आणखी अवघड आहे. 2023 च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला सुमारे 20 फुटांचं देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं. ऐन सुट्टीचा हंगाम, किनारा पर्यटकांनी फुललेला. वन विभाग, स्थानिक लोक, डॉक्टर, पोलीस असे सगळे राबले. अंगावर ओली कापडं घातली, पाणी मारत राहिले, पट्टे बांधून आणि टगबोट लावून सुमारे 40 तासांनी त्याला खोल पाण्यात नेण्यात यश आलं. नंतर ते मेलेल्या अवस्थेत परत किनाऱ्याला लागलं. त्यावर लोक हळहळले, काहींनी वन विभागाला बोल लावले. माझ्या मते तो राग अस्थानी होता. आईच्या दुधावर असलेलं पिल्लू एकदा तिच्यापासून तुटलं की समुद्रात ढकलल्याने ते वाचत नाही, आणि एवढ्या पिल्लाला पाळून वाढवण्याची सोय आपल्याकडे नाही. प्रयत्न करायचेच असतात. पण यश म्हणजे ‘पाण्यात गेलं’ असं मोजलं, की पुढच्या वेळीही आपण घाईच करणार.

तुमच्यासमोर डॉल्फिन लागला तर तो पोटावर नीट बसेल असं पाहा, बाजूच्या परांखाली वाळू उकरून खड्डा करा म्हणजे त्यांवर भार येणार नाही. सावली करा आणि अंग ओलं ठेवा, कारण चरबीच्या थरामुळे उन्हात तो आतून अक्षरशः भाजला जातो. डोक्यावरचं श्वासरंध्र मात्र उघडं राहिलं पाहिजे. त्यात पाणी, वाळू, चादर काहीही जाऊ देऊ नका. शेपटी धरून ओढायचं नाही आणि शेपटीच्या टप्प्यात उभंही राहायचं नाही. मोठा देवमासा असेल तर हात न लावता लांबच थांबा. मेलेल्या देवमाशाच्या पोटात वायू साठतो आणि तो फुटू शकतो, तेव्हा त्याच्यावर चढून सेल्फी काढणं धाडस नसून गाढवपणा आहे.

याच ओघात एक इशारा. किनाऱ्यावर मेणचट, राखाडी, उग्र वासाचा गोळा सापडला आणि कुणी कानात सांगितलं की ही देवमाशाची ‘उलटी’ आहे, कोटीची किंमत आहे, तर तो गोळा आहे तिथे ठेवून वन विभागाला कळवा. अंबरग्रीस शुक्राणू देवमाशापासून, म्हणजे स्पर्म व्हेलपासून मिळतं, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातही या व्यवहारात माणसं पकडली गेली आहेत. समुद्री कासवं, देवमासे, डॉल्फिन आणि व्हेल शार्क हे सगळे अनुसूची एकमध्ये आहेत. त्यांच्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आणि किमान पंचवीस हजारांचा दंड आहे. कासव ‘उपचारासाठी’ म्हणून गाडीत घालून पिंपरीला आणणंही याच कायद्याखाली गुन्हा ठरतं.

पावसाळ्यात वाळूत पडलेला साप दिसला तर त्याला वाचवण्याच्या भानगडीत पडू नका. शेपटी वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो समुद्री साप, अतिशय विषारी, आणि आपल्याकडच्या रुग्णालयांत मिळणारी सर्पदंशाची लस त्याच्या विषावर बनवलेलीच नाही.

घाटावर बसूनही हा विषय तुमच्या दारात येऊ शकतो. मे-जूनमधल्या वादळी वाऱ्यांनी समुद्रपक्षी किनाऱ्यापासून कितीतरी आत फेकले जातात आणि घाटापलीकडेही सापडतात. चाकणच्या एखाद्या शेडच्या आवारात लांब पंखांचा, पायांना पडदे असलेला, उडता न येणारा अनोळखी पक्षी दिसला तर त्याला ‘उडव’ म्हणून हवेत फेकू नका. तो उपाशी आणि दमलेला आहे. टॉवेल टाकून धरा, चेहरा लांब ठेवा, कारण हे पक्षी चोच थेट डोळ्यांच्या दिशेने मारतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवा; खोक्यांची तर चाकणला कमतरता नाही. चोचीला चिकटपट्टी लावायचा मोह होतो, तो टाळा. बूबी जातीच्या पक्ष्यांना बाहेरून नाकपुड्याच नसतात, ते तोंडानेच श्वास घेतात. चोच बांधली की गुदमरून मरतात. खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवून 1926 ला फोन करा. पुणे परिसरात जखमी वन्यजीवांसाठी बावधनला उपचार केंद्र आहे, वन विभाग तिकडे पाठवतो.

पवना-इंद्रायणीच्या काठी सापडणारं कासव हे समुद्री नव्हे. त्याला बोटं आणि नखं असतात, समुद्री कासवाला वल्ह्यासारखे कल्ले. नदीतलं कासव ‘घरी पाठवतो’ म्हणून अलिबागच्या समुद्रात सोडणारी माणसं आहेत. खाऱ्या पाण्यात त्याचा टिकाव लागत नाही. तसंच टाकीत मोठं झालेलं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं परदेशी कासव नदीत सोडणं हा आपल्याकडच्या कासवांवर अन्यायच आहे.

आता वन विभागाची गाडी कासव घेऊन गेल्यावर काय होतं ते. डहाणूला पारनाक्याजवळ वन विभाग आणि स्थानिक प्राणीप्रेमी संस्था मिळून समुद्री कासवांचं उपचार केंद्र चालवतात. वन विभागाच्याच कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र ऐरोलीला आहे. कासव आलं की वजन, रक्ततपासणी, क्ष-किरण. गळ गिळलाय का, हाड मोडलंय का ते पाहतात. बरीच कासवं पाण्यात ठेवल्यावर बुडी मारू शकत नाहीत, एका बाजूने कलंडून तरंगत राहतात, कारण शरीरात हवा अडकलेली असते. हे दुखणं आठवड्यात बरं होत नाही, महिने जातात. जाळ्याने सडलेला कल्ला कधी कापावाच लागतो. तीन धड कल्ल्यांवर कासव पोहू शकतं, शिकार करू शकतं, आणि अशी कासवं समुद्रात सोडलीही जातात. सोडण्याची कसोटी सोपी आहे: स्वतः खातं का, तळापर्यंत बुडी मारतं का, हाती धरल्यावर जोरात कल्ले मारतं का. मग उधाण ओसरलेला चांगला दिवस बघतात. हा सगळा काळ मासे, औषधं, पाण्याचा पंप आणि मिठाच्या पाण्याची टाकी यांचा खर्च चालू असतो. चाकण-तळेगावच्या एखाद्या कंपनीने सीएसआरमधून वृक्षारोपणाऐवजी एखादा पंप किंवा गाळणी यंत्रणा द्यायचं ठरवलं, तर ते जास्त कामाचं होईल असं मला स्पष्टपणे वाटतं. टाकी-पंप जोडणारे फिटर तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

मच्छीमारांना दोष देणं सोपं आहे. पण जाळं फाडून कासव सोडायचं म्हणजे त्यांचं नुकसान होतं. त्यासाठी महाराष्ट्रात 2018 च्या अखेरीपासून संरक्षित प्राणी सोडवताना कापाव्या लागलेल्या जाळ्यापोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. छायाचित्र किंवा व्हिडिओ हा पुरावा लागतो. किनाऱ्यावर गप्पा मारताना ज्याला ही योजना ठाऊक नाही अशा होडीवाल्याला ती सांगितलीत, तरी मोठं काम होईल.

मार्च-एप्रिलमध्ये वेळास किंवा आंजर्ल्याला कासवांची पिल्लं बघायला जाणाऱ्यांनी एवढं पाळावं. वेळासला 2002 मध्ये ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांसोबत हे काम सुरू केलं, ते आज कितीतरी गावांत पोचलंय. पिल्लं सोडताना दोरीच्या आत जायचं नाही. पिल्लाला उचलून लाटेपाशी ठेवणं ही मदत नाही, वाळूवरून स्वतः चालत जाणं त्याच्या गरजेचं असतं. दिवसा भटकलेलं पिल्लू सापडलं तर बादलीत ओलसर वाळू घालून त्यात ठेवा, पाणी नको, आणि कासवमित्राकडे द्या. गाडी पुळणीवर अजिबात घालू नका. चाकणला तयार झालेल्या गाड्या कुठेही चढतात हे मान्य. पण चाकाखाली घरटं दबतं आणि चाकोरीच्या खड्ड्यात पिल्लू अडकलं की वर चढू शकत नाही, कावळे तिथेच टिपतात.

आपल्या शहराच्या नद्या कोकणाकडे जात नाहीत. पवना आणि इंद्रायणी भीमेतून कृष्णेला मिळतात आणि बंगालच्या उपसागरात जातात, जिथे ‘बागेश्री’ पोहत गेली होती. कारखान्यातली पॅकिंगची पट्टी कचऱ्यात टाकण्याआधी तिचा गोल कापून मोकळा करा, म्हणजे ती वाहत कुठेही गेली तरी कुणाच्या मानेत अडकणार नाही. डिस्पॅचच्या टेबलावर कात्री ठेवली की हे काम होतं.

पुढच्या सहलीला डिकीत एक जुनी चादर, छत्री, बादली, हातमोजे, बोथट टोकाची कात्री आणि दहा-पंधरा मीटर दोरी टाका. खोलीची चावी घेताना मालकाला विचारा, इथला वनरक्षक कोण, कासवमित्र कोण, आणि त्यांचे नंबर तेव्हाच लिहून घ्या.